दर मिनिटाला एक पिंग

लिनक्स कर्नेल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कॉन्फिगर करताना प्रत्येक ड्रायव्हरसमोर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडसमोर, मदतीचा छोटासा मजकूर असतो. बहुतेक मजकूर कोरडे असतात: कार्डाचं नाव, मॉड्यूलचं नाव, खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. थ्रीकॉमच्या ३सी५०१ या नेटवर्क कार्डासमोरचा मजकूर मात्र निराळा होता. नवं कार्ड घ्यायचा विचार करा, हे संथ आहे, मोडकं आहे, कालबाह्य आहे, तुम्हाला त्रास होणारच, असं आधी बजावून तो पुढे सांगायचा की काही लोकांच्या मते हे कार्ड वापरताना शेजारच्या एखाद्या मशीनला दर मिनिटाला पिंग करत राहावं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट पाठवत राहावं. पिंग आणि क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) या दोन्हींची मॅन्युअल पानं बघा, अशी सूचनाही सोबत होती. २०१३ च्या सुरुवातीला पॉल गॉर्टमेकर यांनी आयएसए या पीसीतल्या जुन्या बसवर बसणाऱ्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले, त्यांत हाही गेला. आता हा मजकूर वाचायचा तर गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात शिरावं लागतं, आणि तिथे तो लाल रंगात, प्रत्येक ओळीपुढे वजाचं चिन्ह घेऊन भेटतो.

एकदा वाचल्यावर तो डोक्यातून जात नाही. कार्डाची रचना पाहिली की त्या पिंगचा अंदाज बांधता येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या या कार्डावर पॅकेट ठेवायला एकच बफर होता. येणाऱ्यालाही तोच, जाणाऱ्यालाही तोच. पाठवायचं पॅकेट त्यात भरलं की तेवढा वेळ कार्ड बहिरं. त्यात लिनक्समधला पाठवणीवर नजर ठेवणारा वॉचडॉग जागा होतो तो पाठवायचा प्रयत्न वेळेत पुरा झाला नाही तरच. मग तो कार्ड रीसेट करतो. नुसतंच ऐकत बसलेलं कार्ड ऐकता ऐकता गारद झालं तर कुणालाच पत्ता लागत नाही. मिनिटाला एक पिंग म्हणजे मिनिटाला एक पाठवणी, आणि अडकलेलं कार्ड मिनिटाभरात उघडं पडतं. ज्या कुणी पहिल्यांदा क्रॉनमध्ये ती ओळ घातली त्याने एवढा विचार केला असेलच असं नाही. करून बघितलं, चाललं, राहू दिलं. त्याचं नाव कुठेही नाही. ड्रायव्हरच्या माथ्यावर नाव होतं डोनाल्ड बेकर यांचं, आणि त्यांनी स्वतःच तिथे लिहून ठेवलं होतं की हे कार्ड गमतीखातरसुद्धा विकत घेऊ नका. हेच बेकर नासाच्या गोडार्ड केंद्रात होते. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग यांच्याबरोबर त्यांनी सोळा ४८६ मशीनं साध्या दहा मेगाबिटच्या इथरनेटने जोडून पहिलं बेवुल्फ क्लस्टर, म्हणजे साधी मशीनं जोडून एका मोठ्या मशीनसारखा वापरायचा संच, उभं केलं. स्वस्त कार्डांनी मोठं काम करून घ्यायचं तर आधी त्या कार्डांच्या खोडी माहीत हव्यात, आणि बेकर यांचे ड्रायव्हर म्हणजे त्या खोडींची वहीच होती.

त्या काळचं नेटवर्क हाताला लागायचं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये चपला दाराबाहेर काढून एसीच्या गारव्यात शिरलं की टेबलांच्या मागून काळी आरजी-५८ केबल गेलेली दिसायची, प्रत्येक मशीनपाशी बीएनसी जोडणीचा टी-आकाराचा तुकडा, आणि दोन्ही टोकांना ५० ओमचे टर्मिनेटर. एका तुकड्याची लांबी १८५ मीटरच्या आत, मशीनं तीसपर्यंत, दोन टींमध्ये निदान अर्धा मीटर अंतर. कुणी खुर्ची मागे सरकवली आणि टोकाचा टर्मिनेटर निघाला की अख्खी रांग बंद, कारण उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि तारेवर कुणाचंच कुणाला नीट ऐकू येत नाही. मल्टिमीटर असेल तर निदान सोपं होतं: सगळं बंद करून मधल्या एखाद्या टीवर मोजायचं. २५ ओमच्या आसपास आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर. ५० आलं तर कुठेतरी एक टोक तुटलंय. मल्टिमीटर नसेल तर केबल मधोमध तोडायची, तिथे टर्मिनेटर लावायचा, कुठला अर्धा जिवंत होतो ते बघायचं, आणि मेलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी स्वस्त कार्डं बहुधा नॉव्हेलच्या एनई२००० ची नक्कल असायची. नकलेचीही नक्कल असायची.

एनई२००० चा ड्रायव्हर वाचणं म्हणजे अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या मागे चालणं. आयएसए बसवर कार्ड आपण होऊन ‘मी इथे आहे’ म्हणत नाही. ड्रायव्हरने ठरावीक पत्त्यांवर जाऊन दार वाजवायचं: हेक्समध्ये ३००, मग २८०, ३२०, ३४०, ३६०, ३८०. प्रत्येक ठिकाणी अमुक रजिस्टर वाचलं तर कार्ड रीसेट होईल, मग कार्डावरच्या प्रॉममधले (कायम लिहिलेल्या मेमरीतले) बाइट वाचायचे, आणि चौदाव्या-पंधराव्या जागी दोन्हीकडे हेक्स ५७ आला तर हे एनई२०००. नकलेचा कारखाना ते दोन बाइट घालायला विसरला असेल, तर बदनाम नकलांची एक वेगळी यादी ड्रायव्हरमध्येच ठेवलेली असायची. गोची अशी, की जिथे दार वाजवायचं तिथे भलतंच काही राहत असू शकतं. हे कार्ड ३२ पोर्ट घेतं. ३६० पासून सुरू केलं तर ते ३७एफपर्यंत पोचतं, आणि ३७८ वर असतो प्रिंटरचा पॅरलल पोर्ट. एका कार्डाला ओळखायला म्हणून नुसतं वाचलं, तर दुसऱ्याला तो हुकूम वाटून मशीन गोठायचं. म्हणून कर्नेलला सुरू होतानाच ‘रिझर्व्ह’ लिहून सांगायची सोय होती: या पत्त्यांना हात लावू नकोस. कुठल्या ड्रायव्हरने आधी शोधायचं आणि कुणी नंतर, त्या क्रमालाही अर्थ होता. तो क्रम स्पेस.सी नावाच्या एका फाइलमध्ये होता.

थ्रीकॉमच्या ३सी५०९ ने यावर काढलेली तोड मला आजही देखणी वाटते. सगळी कार्डं एका ओळख-पोर्टवर कान लावून गप्प बसतात. ड्रायव्हर त्या पोर्टवर २५५ बाइटांची ठरलेली माळ लिहितो. प्रत्येक बाइट आधीच्यावरून शिफ्ट आणि एक्सऑर करून निघतो, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ही माळ चुकून लिहिणं जवळजवळ अशक्य. माळ पुरी झाली की सगळी कार्डं जागी होतात आणि आपापल्या ईईप्रॉममधला इथरनेट पत्ता एकेका बिटाने, एकाच वेळी, त्याच पोर्टवर मांडायला लागतात. ज्याचा बिट बसवर दिसणाऱ्या बिटाशी जुळत नाही ते माघार घेतं. पत्ते सगळ्यांचे वेगळे, त्यामुळे शेवटी एकच कार्ड उरतं. त्याला जागा आणि खूण द्यायची, आणि बाकीच्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं ड्रायव्हरच्या जेमतेम पानभर कोडमध्ये मावतं. २०१३ च्या झाडाझडतीत एनई२००० आणि ३सी५०९ दोन्ही वाचले.

वाचले, पण कुणासाठी?

ड्रायव्हर म्हणजे एकदा लिहून फडताळात ठेवलेली वस्तू असती तर काढायचा प्रश्नच आला नसता. कर्नेलच्या आतल्या इंटरफेसला स्थैर्याचं वचन नाही, आणि ते बदलणाऱ्याने झाडातला, म्हणजे कर्नेलच्या सगळ्या कोडमधला, तो इंटरफेस वापरणारा प्रत्येक भाग दुरुस्त करून द्यायचा, असा रिवाज आहे. २००९ च्या सुमारास नेटवर्क ड्रायव्हरची फंक्शनं एका वेगळ्या स्ट्रक्चरमध्ये हलवली गेली, सगळे ड्रायव्हर बदलले. २०१७ मध्ये टायमर सुरू करायची रीत बदलली, पुन्हा सगळे. २०२१ मध्ये कार्डाचा पत्ता थेट लिहायला मनाई होऊन त्यासाठी फंक्शन आलं. पुन्हा शेकडो फाइली. हे बदल करणाऱ्याकडे ते कार्ड नसतं. कित्येकदा हे काम कॉक्सिनेलसारखं हत्यार करतं: साचा द्यायचा, ते सगळीकडे शोधून बदलतं. कोड कंपाइल झाला की काम झालं. तो चालतो का, हे सांगायला टेबलावर कार्ड हवं, ते ज्यात बसेल असा बोर्ड हवा, आणि दोन्ही चालवणारा माणूस हवा. पंधरा वर्षं असेच हात फिरलेल्या ड्रायव्हरबद्दल छातीठोक एवढंच म्हणता येतं, की त्याचं व्याकरण शुद्ध आहे.

कधी व्याकरणही अडतं. २०२२ मध्ये याकूब किचिन्स्की यांनी एटीएम (बँकेचं नव्हे, नेटवर्कचं एक जुनं तंत्र) आणि वॅनचे (दूर पल्ल्याच्या जोडण्यांचे) काही जुने ड्रायव्हर एकामागून एक काढले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा दोष एकच होता: ते अजून व्हर्ट-टू-बस हे जुनं फंक्शन वापरत होते. म्हणजे कर्नेलमधला मेमरीचा पत्ता आणि कार्डाला दिसणारा पत्ता यांच्यात सरळ बेरीज-वजाबाकीचं नातं आहे असं धरून चालत होते. कार्डाला दिसणारे पत्ते बदलून देणारा आयओएमएमयू आला तेव्हाच ते नातं संपलं; कार्डाला पत्ता द्यायचा तर डीएमएच्या (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याच्या) मॅपिंगमधून जावं लागतं. तेवढी दुरुस्ती कागदावर सोपी आहे. पण कार्ड हातात नसताना डीएमए बदलायचं म्हणजे चूक झाली तर भलत्याच मेमरीवर लिहिलं जाणार, आणि ती चूक सापडणार तीही ज्याच्याकडे कार्ड असेल त्यालाच.

ड्रायव्हर खरंच वापरात आहे का हे बघायची रीत ठरलेली आहे, आणि ती थोडी उदास करणारी आहे. गिट लॉग त्या फाइलपुरता काढायचा. त्यातून ‘ट्रीवाइड’, म्हणजे झाडभर फिरलेले, कमिट (नोंदवलेले बदल) गाळायचे, स्पेलिंगचे, लायसन्सच्या ओळीचे, साच्याने झालेले बदल गाळायचे. उरलेल्यांत असा एक तरी शोधायचा ज्यात कुणी ‘माझ्याकडे हे घडलं’ म्हटलंय, डीमेसेजचा (कर्नेलच्या संदेशांच्या नोंदीचा) तुकडा चिकटवलाय, किंवा ‘टेस्टेड-बाय’ लिहिलंय. तो दहा वर्षांपूर्वीचा निघाला की समजायचं. मग मेंटेनर्स नावाच्या फाइलमधली नोंद: ‘मेंटेन्ड’ (सांभाळणारा आहे), ‘ऑड फिक्सेस’ (अधूनमधून दुरुस्ती), ‘ऑर्फन’ (अनाथ). डीईसी कंपनीचं जुनं नेटवर्क डेकनेट २०१० पासून ऑर्फन होतं. २०२२ मध्ये स्टीफन हेमिंगर यांनी ते काढायचा पॅच दिला तेव्हा कारण एका वाक्यात दिलं: वापरणाऱ्यांपेक्षा कर्नेलच्या झाडूवाल्यांचंच लक्ष याच्याकडे जास्त जातं. ते कर्नेलच्या ६.१ या आवृत्तीत गेलं.

नुसता झाडूचा वेळ वाया जातो एवढंच असतं तरी चालवून घेता आलं असतं. इकोनेटने वेगळाच धडा दिला. एकॉर्न कंपनीचं हे नेटवर्क, ब्रिटनमधल्या शाळांतले बीबीसी मायक्रो संगणक जोडणारं. २०१० मध्ये ते हार्डवेअर म्युझियमच्या दारात पोचलेलं होतं, पण त्याचं मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा कर्नेलमध्ये चढवायचा तुकडा, उबुंटूसारख्या तयार लिनक्स डिस्ट्रिब्युशनांबरोबर सर्रास येत होतं. आणि मॉड्यूल लोड व्हायला कार्ड लागत नाही. कुठल्याही साध्या वापरकर्त्याने त्या कुळाचा सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं टोक) मागितला, इकोनेटचा क्रमांक १९, की कर्नेल ‘नेट-पीएफ-१९’ नावाचं मॉड्यूल शोधून आपण होऊन चढवतो. नेल्सन एल्हाज यांना त्यात भोकं सापडली: एका ठिकाणी नल पॉइंटर, एका ठिकाणी पत्ता बदलताना परवानगीच तपासलेली नाही. कर्नेलमधल्या आणखी एका चुकीशी ती जोडून डॅन रोझेनबर्ग यांनी साध्या खात्यावरून रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, मिळवणारा एक्स्प्लॉइट लिहिला. शाळकरी मुलांच्या नेटवर्कातून नव्याकोऱ्या सर्व्हरचं राज्य! उबुंटूने क्वचित लागणाऱ्या अशा नेटवर्क कुळांची एक फाइलच मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ठेवली, ‘एलियस नेट-पीएफ-१९ ऑफ’ अशा ओळींची. तिच्यात डेकनेटचा १२ ही आहे. २०१२ मध्ये ३.५ मधून इकोनेट गेलं. त्यानंतरही दोन-चार वर्षांनी असंच काही निघत राहिलं. डीसीसीपी या क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलमधली २०१७ मध्ये सापडलेली चूक अकरा वर्षं तिथेच पडून होती. डीसीसीपी २०२५ मध्ये गेलं. २०२४ पासून कर्नेलवाले स्वतःच्या सीव्हीई (सुरक्षेच्या चुकांना मिळणाऱ्या) क्रमांकांचं वाटप स्वतः करतात, आणि जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. आता मेलेल्या ड्रायव्हरमधली चूकसुद्धा कुठल्या तरी कंपनीच्या सुरक्षा विभागात कुणाला तरी तक्त्यात भरावी लागते.

म्हणून काढायचं, हे पटतं. काढण्याआधी विचारायचं, हेही पटतं. विचारायचं कुणाला, इथे सगळं अडखळतं. पॅच वाचणारे लोक आजचं कर्नेल चालवतात. ज्याच्या लॅबमधल्या उपकरणाला आयएसए कार्ड आहे, त्याने ते मशीन दहा-पंधरा वर्षांत अपडेट केलेलं नसतं, कारण चालतंय ते बिघडवायचं कशाला. त्याला हा प्रश्न पोचतच नाही. पोचला तरी उत्तर द्यायचं त्याला कारण नसतं, आज त्याचं काही जात नाही. त्याचं जाईल तेव्हा प्रश्न बंद होऊन सहा वर्षं झालेली असतील.

वायमॅक्स या वायरलेस ब्रॉडबँडच्या तंत्राच्या वेळी हे फार स्पष्ट दिसलं. कर्नेलमध्ये त्याचा एकच ड्रायव्हर होता, इंटेलचा आय२४००एम, सँडी ब्रिज प्रोसेसरच्या पिढीपर्यंतच्या काही लॅपटॉपमधला. आर्न्ड बर्गमान यांनी २०२० मध्ये तो बाजूला काढायचा प्रस्ताव दिला तेव्हा त्यांचं निरीक्षण अचूक होतं: जगात वायमॅक्सचं एखादं नेटवर्क अजून चालू असेलही, पण त्याच्या टोकाला लॅपटॉप नसतो, स्वतंत्र राउटर असतो; त्या राउटरमध्ये जवळजवळ नक्कीच लिनक्स असतं, पण ते जुनं, आणि हा ड्रायव्हर न वापरणारं. आपल्याकडे बीएसएनएलने वायमॅक्स लावलं होतं, छपरावर बसवायचे डबे आणि डोंगल दिले होते. २०१० च्या लिलावातलं वायरलेस ब्रॉडबँडचं स्पेक्ट्रम घेणारे पुढे एलटीईकडे (४जीकडे) गेले आणि ते डबे गच्चीवर तसेच राहिले. लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरने तर वायमॅक्सचा हात २०१५ मध्येच सोडला होता. २०२१ मध्ये कर्नेलमधून ते गेलं तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. ही शांतता म्हणजे संमती, असं धरून काम चालतं. दुसरं काही धरताही येत नाही, हे खरं. पण ती संमती नसते.

प्रत्यक्ष काढणं हे वाटतं त्यापेक्षा नाजूक काम आहे. टोकन रिंग काढतानाची पद्धत त्यातली मला सर्वांत समजूतदार वाटते. टोकन रिंग म्हणजे मशीनं रिंगणात जोडणारा, इथरनेटहून वेगळा, आयबीएमचा पंथ: १६ किंवा ४ मेगाबिट, मधोमध ८२२८ सारखा आठ तोंडांचा डबा, ज्याला स्वतःची वीज लागत नाही. कार्ड तारेतूनच थोडासा डीसी दाब देतं, डब्यातला रिले ‘टक्’ करून उघडतो आणि मशीन रिंगणात शिरतं. चुकीच्या वेगावर लावलेलं एक कार्ड शिरलं की सगळं रिंगण कोलमडून बीकनिंग (बिघाडाची हाकाटी) सुरू. या पंथासाठी कर्नेलच्या गाभ्यात खास वागणूक होती: एआरपीमध्ये (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता शोधणाऱ्या भागात) वेगळ्या फांद्या, हेडरमध्ये सोर्स राउटिंगची जागा. २०१२ मध्ये गॉर्टमेकर यांनी हे दोन टप्प्यांत केलं. पहिल्या कमिटमध्ये फक्त गाभ्यातल्या जिवंत फाइलींमधली टोकन रिंगची खास हाताळणी काढली. ड्रायव्हर जागेवर, पण निर्जीव. दुसऱ्या कमिटमध्ये ड्रायव्हर आणि टोकन रिंगच्या स्वतःच्या फाइली उचलून टाकल्या. कारण असं की एआरपीच्या फाइलीचा इतिहास उद्या कुणी वाचेल, तेव्हा हजारो ओळींची प्रचंड वजाबाकी त्याच्या वाटेत येऊ नये.

बाकीची यादी कंटाळवाणी, आणि म्हणूनच चुका तिथेच होतात. केकॉन्फिगमधली (पर्यायांच्या यादीतली) नोंद, मेकफाइलमधली (बांधणीच्या सूचनांतली) ओळ, मेंटेनर्समधली नोंद काढायची. मग वेगवेगळ्या आर्किटेक्चरांच्या (प्रोसेसरच्या प्रकारांच्या) डीफकॉन्फिगमध्ये, म्हणजे तयार सेटिंगच्या फाइलींत, तेच नाव शोधायचं. पॉवरपीसी, मिप्स आणि एम६८के यांच्या फाइलींत ते हमखास उरतं. डॉक्युमेंटेशनमधलं पान आणि त्याचा अनुक्रमणिकेतला दुवा. ज्या समाईक फाइलीवर दुसरे ड्रायव्हर उभे आहेत तिला हात लावायचा नाही: ८३९० चिपचा समाईक कोड एनई२००० सारखे कितीतरी जण वापरतात, एक गेला म्हणून तो काढला तर बाकीचे लिंक होताना पडतात. सगळे पर्याय चालू करणारं ऑलमॉडकॉन्फिग नेहमीच्या पीसीच्या एक्स८६ वर बांधून समाधान मानायचं नाही, कारण मोडतं ते भलत्याच आर्किटेक्चरवर. पॅच पाठवताना गिट फॉर्मॅट-पॅचला मोठ्या डीचा पर्याय द्यायचा, म्हणजे काढलेल्या फाइलींचा मजकूर मेलमध्ये येत नाही, नुसती नावं येतात. नाहीतर मेल इतकी फुगते की पोचतच नाही. वाचणाऱ्याला काय जातंय ते मात्र त्यामुळे दिसत नाही, आणि पिंगच्या मजकुरासारखी वाक्यं कुणाच्याही नजरेला न पडता जातात. हे मला थोडं खुपतं.

काही गोष्टी काढायच्या नसतात. वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमना दिसणारे क्रमांक राहतात. सॉकेटच्या हेडरमध्ये १२ समोर आजही डेकनेट आहे, १९ समोर इकोनेट, २३ समोर आयआरडीए (इन्फ्रारेड जोडणी). ते क्रमांक दुसऱ्या कुणाला दिले, तर जुना एखादा प्रोग्रॅम डेकनेट समजून भलत्याशीच बोलायला लागेल.

पूर्वी थेट काढण्याऐवजी ‘स्टेजिंग’च्या फोल्डरमध्ये वर्षभर ठेवायची पद्धत होती. आयआरडीए २०१७ मध्ये तिथे गेलं आणि २०१८ मध्ये बाहेर; नॉव्हेलच्या आयपीएक्स प्रोटोकॉलचंही तेच, वायमॅक्सचंही. माझ्या मते हा वेळकाढूपणा आहे. स्टेजिंगमध्ये गेलेलं काही तिथून सन्मानाने परत आलंय असं क्वचितच होतं, आणि तेवढ्या मुदतीत पुन्हा दोन-चार साचेबद्ध बदल त्याच्यावर होतातच. एका स्वच्छ कमिटमध्ये काढलं तर सहा महिन्यांत कुणी ओरडल्यास गिट रिव्हर्टने ते जसंच्या तसं परत येतं. सहा वर्षांनी येत नाही. तोवर आजूबाजूचं सगळं बदललेलं असतं.

वाचतात ते कसे, याचंही गणित गमतीचं आहे. एनई२००० चं कार्ड आज शोधायला जावं लागेल, पण आख्ख्या संगणकाची नक्कल करणारा क्यूईएमयू ते सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभं करतो, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर कुणीही पाच मिनिटांत तपासू शकतो. नसलेलं कार्ड असलेल्या ड्रायव्हरला तारतं. २०२२ मध्ये ज्यांचे ड्रायव्हर गेले त्या मॅज, फुजित्सूच्या एटीएम कार्डांना असा आधार नव्हता. रिअलटेकच्या आरटीएल८१३९ या नेटवर्क चिपची गोष्ट तर आणखी वेगळी. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये बिल पॉल यांनी या चिपची यथेच्छ हजेरी घेतली आहे, ‘लो एंड’ला तिने नवा अर्थ दिला म्हणून, कारण आलेलं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताने उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. पण असेंबल केलेल्या पीसींत ती इतकी ठासून भरली गेली की २०१८ मध्ये फ्रीबीएसडीने १०/१०० मेगाबिटच्या जुन्या ड्रायव्हरांची यादी करून कोण काय वापरतंय ते विचारलं तेव्हा ती तगली. एनई२००० चा तिथला ड्रायव्हर १३.० मधून गेला.

जुन्या हार्डवेअरवाल्यांनी जुनं कर्नेल धरून राहावं, हे उत्तर नेहमी दिलं जातं. डेकनेटने त्यातली हवा काढली. २०२३ मध्ये त्यात सुरक्षेची आणखी एक चूक निघाली. मूळ झाडात तर ते उरलंच नव्हतं, मग दुरुस्त कोण करणार? जूनमध्ये दीर्घकालीन शाखांतूनही, ५.१५, ५.१० आणि त्याहून जुन्यांतूनही, डेकनेट सरसकट काढून टाकलं गेलं. स्थिर शाखेचं नेहमीचं अपडेट घेतलं आणि मॉड्यूल गायब. हौशी लोकांचं हेकनेट नावाचं जाळं इंटरनेटवरून जुनी डेकनेट मशीनं जोडून ठेवतं. त्यांच्यापैकी लिनक्सवाल्यांना आता मॉड्यूल झाडाबाहेर सांभाळावं लागतं. दर नव्या कर्नेलला ते बांधायचं, कुठलं फंक्शन नाहीसं झालं ते बघायचं, पुन्हा बांधायचं. पूर्वी ही झाडलोट अनोळखी माणसं फुकट करत होती.

ज्यांच्याकडे असं काही चालू आहे त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ईथटूल ही आज्ञा आय पर्यायाने चालवली की इंटरफेसमागचा ड्रायव्हर कळतो. पीसीआय बसवरची कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआयच्या भरवशावर राहू नका, आयएसए कार्ड त्यात दिसतच नाही. नवं कर्नेल बांधताना जुनी कॉन्फिग फाइल ओल्डकॉन्फिगमधून काढली, तर नाहीशा झालेल्या ड्रायव्हरची ओळ एक शब्दही न बोलता गळते. बांधणं यशस्वी होतं आणि मशीन उठल्यावर ईथ-झिरो, म्हणजे नेटवर्कचा इंटरफेस, नसतो. म्हणून कर्नेलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं डिफकॉन्फिग जुन्या आणि नव्या फाइलवर चालवून वजा झालेल्या ओळी आधी बघाव्यात. आपला ड्रायव्हर अजून आहे आणि त्याची नोंद ऑर्फन आहे, तर आजचं कर्नेल एकदा त्या कार्डावर चढवून बघावं, आणि चाललं तरीही मेंटेनर्स फाइलमधल्या नेटवर्किंगच्या पत्त्यावर तसं कळवावं: कार्डाचं मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, डीमेसेजच्या चार ओळी. बिघडल्याचे मेल त्यांना रोज येतात. चालतंय म्हणून सहसा कुणी लिहीत नाही, आणि लॉग चाळणाऱ्याला नेमकी तीच नोंद हवी असते.